ब्रासोचा डबा

आमची फियाट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. नातेवाईक मंडळींपैकी निदान निम्म्यांनी तिला कधी ना कधी धक्का मारलेला आहे. १९८१ साली बाबांनी ती घेतली, नंबर लावून, वाट बघून बघून. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण तिला पद्मिनी म्हणणारं आमच्या घरात कुणीच नव्हतं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली आणि पार्ल्यात आली, म्हणून बाबा म्हणायचे, "माहेर जवळच आहे, तक्रार करायला जागा नाही."

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. गाडी सोसायटीत जांभळाच्या झाडाखाली उभी. टपावर जांभळाचे डाग, काचेवर कबुतरं. दादाचा अमेरिकेतून दर रविवारी फोन, "विकलीस का?" ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा त्याने मला बातमीही पाठवली होती. म्हणजे बघ, टॅक्सीवाल्यांनीसुद्धा सोडली, आपण कशाला धरून बसलोय? त्यात नोंदणीचं नूतनीकरण तोंडावर आलेलं. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी ते सोपस्कार करावे लागतात, वर पर्यावरण कर वेगळा. मी म्हटलं, विकायची असो की ठेवायची असो, आधी जरा चकाचक तर करू. (खरं सांगायचं तर निर्णय लांबवायला एवढं कारण पुरेसं होतं.)

रंगाला हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून चकचकीत भागांपासून सुरुवात केली. बंपर, चाकांच्या वाट्या, दारांची हँडलं, बाजूच्या पट्ट्या. मागचा बंपर ही प्रयोगशाळा. त्याच्यावर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावून पाच खण पाडले आणि एकेका खणाला एकेक औषध.

पहिलं औषध आईचं. तिच्या मते जगातला कुठलाही धातू चिंच आणि रांगोळीने लख्ख होतो, आणि झालाच नाही तर पितांबरी आहे. पितांबरी मी देवघरातल्या पितळेसाठीच राहू दिली. चिंच-रांगोळीचा खण मात्र आईच्या समाधानासाठी केला. खण स्वच्छ झाला खरा, पण उन्हात तिरकं बघितलं तर बारीक बारीक चरे. रांगोळी म्हणजे शेवटी दगडाची भुकटी. तांब्याच्या घागरीला ते चालतं, चरे पडले तरी कुणी बघत नाही. आरशासारख्या पृष्ठभागावर ते लगेच दिसतं.

दुसरी टूथपेस्ट. वास छान आला, बाकी काही नाही. तिसरं ऑटोसॉल, जर्मन मलम, तेही टूथपेस्टसारख्याच ट्यूबमध्ये मिळतं. चिमूटभर घ्यायचं, मऊ कापडाने चोळायचं, पुसून टाकायचं. हे आवडलं. क्रोमचा निळसर थंडपणा परत आला.

चौथा प्रयोग सगळ्यात मजेदार. पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद घेऊन त्याचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि गंजाच्या ठिपक्यांवर हलक्या हाताने फिरवायचा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरा पडत नाही आणि गंज मात्र निघतो. पाच मिनिटांत तपकिरी ठिपके गायब. अर्थात जिथे ठिपक्याखाली खळगा पडलाय तिथे खळगा राहतोच. वरून मेण लावलं नाही तर मुंबईच्या हवेत पुढच्या पावसाळ्यात ठिपके पुन्हा हजर.

एक शहाणपण मात्र ठेच लागून आलं. बाजूच्या पट्टीवर मलम लावलं तर कापड क्षणात काळंकुट्ट. मला वाटलं, वा, काय मळ निघतोय! मग संशय आला म्हणून फ्रिजवरचं चुंबक आणून लावलं. बंपरला चिकटलं, पट्टीला नाही. पट्टी अॅल्युमिनियमची. कापडावर आला होता तो मळ नव्हता, पट्टीच होती. तेव्हा मंडळी, आधी चुंबक, मग पॉलिश.

पाचवा खण ब्रासोचा. तो मी शेवटी ठेवला होता, कारण डबा कुठे आहे हे मला माहीत होतं.

आमच्या लहानपणी रविवारी सकाळी बाबा जुना बनियन आणि ब्रासोचा डबा घेऊन खाली उतरायचे. डबा हलवायचा, कापडावर थोडं ओतायचं, नाकात अमोनियाचा झणका. लावलेलं वाळून पांढरी साय धरली की कोरड्या कापडाने पुसायचं. चाकांच्या वाट्या माझ्याकडे, पाठीमागचं दादाकडे, पुढचा बंपर फक्त त्यांचा. नाव सांगतंच आहे की ते पितळेसाठी आहे, पण आमच्याकडे समई आणि फियाट यांत भेदभाव नव्हता.

शेवटच्या दोन-अडीच वर्षांत बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. ब्रासो विसरले नाहीत. रविवार कुठला हे कळेना म्हणून रोज खाली जायला लागले. पुढच्या बंपरचा उजवा कोपरा धरून तिथेच घासत बसायचे, तासतासभर. उन्हात, एकदा भर पावसात. वॉचमन वर आणून सोडायचा. एकदा मी ऑफिसातून धावत आलो तेव्हा ते रिव्हर्स घेणाऱ्या गाडीच्या मागे उकिडवे बसले होते. त्या संध्याकाळी मी डबा माळ्यावर टाकला.

"ब्रासो कुठाय रे?"

"संपला, बाबा."

"मग आण की."

"हल्ली येत नाही दुकानात."

हे संभाषण किती वेळा झालं असेल देव जाणे. दर वेळी त्यांना ते नव्याने कळायचं आणि दर वेळी तेवढंच वाईट वाटायचं. "येत नाही? चांगला माल होता," असं म्हणून ते खिडकीपाशी जाऊन बसायचे. मी त्यांच्या भल्यासाठीच केलं, हे मी तेव्हाही स्वतःला सांगत होतो. पण थोडा वैतागही होता त्यात, थोडी शरमही. सोसायटीतले लोक बघतात याची.

असो. डबा उतरवला. तळाशी गाळ बसला होता, पण हलवल्यावर आवाज आला. मागच्या बंपरचा पाचवा खण बरा निघाला, ऑटोसॉलपेक्षा उन्नीस. मग पुढच्या बंपरकडे वळलो. उजव्या कोपऱ्यात पंजाएवढा पिवळट डाग होता. ब्रासो लावला, हलला नाही. ऑटोसॉल लावलं, कागदाचा बोळा फिरवला, काही नाही. उलट चकाकी होती, पण पिवळी.

शेवटी बंपर सोडवला, रिक्षात आडवा घातला (दोन्हीकडून हातहात बाहेर) आणि मेकॅनिकने सांगितलेल्या क्रोमवाल्याकडे गेलो. त्याने डागावरून अंगठा फिरवला आणि हसला.

"साहेब, हे घासून जाणार नाही. हे घासूनच झालंय."

मग त्याने समजावलं. बंपर मुळात पोलादाचा, त्यावर निकेल, आणि सगळ्यात वर क्रोम. खरी चकाकी निकेलची, क्रोम नुसतं त्याचं कवच. ते कवच असतं मायक्रॉनच्याही काही अंशांएवढं, केसाची जाडी साठ-सत्तर मायक्रॉन धरा म्हणजे अंदाज येईल. क्रोम कडक असतं, सहजी झिजत नाही, पण कुणी वर्षानुवर्षं एकाच जागी घासत राहिलं तर खालचं निकेल उघडं पडतं. निकेल जरा पिवळसर दिसतं. ब्रासोचा दोष नाही, हाताचा.

"एवढाच तुकडा करून मिळेल?" नाही मिळत म्हणाला. जुनं क्रोम आम्लात उतरवायचं, बफिंग करायचं, तांबं, निकेल, क्रोम, सगळं पहिल्यापासून. "नवा होऊन मिळेल. तोंड बघा त्यात."

मी पैसे विचारले, त्याने सांगितले, फार नव्हते. मी बंपर उचलला आणि परत निघालो. परतीचा रिक्षावाला म्हणाला, "काम नाही झालं?"

संध्याकाळी बंपर बसवत होतो तेव्हा आई खाली आली. डब्याकडे बघून म्हणाली, "काढलास का माळ्यावरून?"

"तुला माहीत होतं?"

"मीच तर झाडते माळा."

"मग त्यांना का नाही दिलास?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एकदा दिला होता. तू दिल्लीला गेला होतास तेव्हा. मी खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. तासभर घासलंन. मग पुन्हा ठेवून दिला वर, तुला कळू नये म्हणून."

पुढच्या बंपरवर मेणाचे दोन हात दिले, उजव्या कोपऱ्यावर तीन. उघड्या निकेलला हवा लवकर लागते म्हणे. दादाला म्हटलं, नूतनीकरण करून घेतो आधी, मग बघू. तो म्हणाला, म्हणजे नाही विकत तू.

वर जाताना आईने उरलेला ब्रासो समईसाठी मागितला. मी म्हटलं, समईला पितांबरी आहे की.