चहा शेजारणीचा, माल कंपनीचा

मैत्रिणींनो, आपल्याकडे चार बायका जमायला निमित्त का शोधावं लागतं? हळदीकुंकू आहे, भिशी आहे, डोहाळजेवण आहे. खामगाव असो, चिखली असो की मेहकर, 'या बरं का' म्हटलं की घर भरतं. आणि कुकर कुठला टिकतो, मिक्सर कुठला घ्यावा, हे जाहिरातीपेक्षा आपण शेजारणीलाच विचारतो. हो की नाही?

कंपन्यांनी नेमकं हेच हेरलं. अमेरिकेत टपर नावाच्या गृहस्थांनी १९४६ साली घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे बाजारात आणले. दुकानात ते पडून राहिले, कारण झाकण लावायची युक्तीच कुणाला कळेना. ब्राउनी वाइज या बाईंनी घरोघरी बायका जमवून ते दाखवले आणि खप असा वाढला, की कंपनीने दुकानातली विक्रीच थांबवली. १९५८ मध्ये मात्र त्याच बाईंना कंपनीने दूर केलं! हे टपरवेअर १९९६ मध्ये आपल्याकडे आलं. अशा विक्रीतून कितीतरी जणींनी पहिल्यांदा स्वतःचे चार पैसे मिळवले, हेही खरंच.

पण आमच्या गल्लीतली गोष्ट सांगते. एकीकडे दुसऱ्याच एका कंपनीचा असा कार्यक्रम झाला. कपडे धुण्याच्या पावडरीपासून तोंडाला लावायच्या क्रीमपर्यंत सगळं मांडलेलं. आमच्यातल्या एकीच्या घरचं सोयाबीन अजून विकलं गेलं नव्हतं, तरी तिने महागाचं क्रीम घेतलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "तिच्या घरचा चहा पेला ताई, आता नाही कसं म्हनाव?" पुढे पैशाचा तगादा लागला, आणि ती भिशीलाच यायची बंद झाली. क्रीम महिन्यात संपलं. मैत्रिणीचा दुरावा मात्र अजून आहे.

म्हणून सांगते, बोलावणं येताच सरळ विचारा, 'हळदीकुंकू आहे की विक्री?' घरी बोलावणारीनेही आपल्याला काय मिळणार ते आधीच सांगावं. त्यात लाजायचं काय? थेट विक्रीसाठी सरकारने २०२१ मध्ये नियम केले आहेत. विकणाऱ्याने आपली व कंपनीची ओळख, किंमत आणि माल परत करायची पद्धत स्पष्ट सांगायला हवी. आधी विचारल्याशिवाय, ओळखपत्राशिवाय त्याने घरी यायचं नाही. साखळीत माणसं जोडून पैसे कमवायच्या योजनांना बंदी आहे. बिल जपून ठेवा. तक्रार असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

आणि 'नको' म्हणायचं झालं, तर चहा पिऊन हसत म्हणा. खरी मैत्रीण असेल, तर पुढच्या भिशीलाही ती तुमच्यासाठी जागा धरून ठेवील.