थेट विचारताना

आमच्या प्रशिक्षणात सगळ्यांना जड गेला तो एकच प्रश्न. समोरच्या जोडीदाराला विचारायचं होतं, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ नुसता सराव, तरी आवाज आपसूक खाली जायचा. शेजारच्या बाई पदराच्या टोकाला पीळ घालत म्हणाल्या, ‘मनात काही वेडंवाकडं नाही ना रे?’ आता याला उत्तर काय मिळणार? ‘छे, काही नाही.’ विचारणारा सुटतो, आणि ज्याला बोलायचं होतं तो आणखी एकटा पडतो.

अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हे ऐकतच आपण वाढलो. पण विचारल्यामुळे हा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उलट, आपण एकट्याने काय सोसतोय हे कुणाला तरी दिसलं, एवढ्यानेच माणूस जरा सैल होतो.

मग गप्प बसायचं. तेही शिकावंच लागतं. ‘तुला काय कमी आहे?’, ‘पोरांकडे बघ’, ‘रामरक्षा म्हणत जा’. ही वाक्यं मायेपोटीच येतात, पण ऐकणाऱ्याला तोंडावर दार लोटल्यासारखं वाटतं.

लंडनमध्ये 1953 साली चॅड व्हारा या धर्मगुरूंनी जिवावर उदार झालेल्यांसाठी फोन सुरू केला. भेटायला येणारे वाढले, तेव्हा थांबलेल्यांना चहा द्यायला, सोबत बसायला काही साधी माणसं येऊ लागली. त्यांच्याशी बोलूनच कित्येक जण हलके होतात, व्हारांना न भेटताच परत जातात, असं दिसू लागलं. पुढच्याच वर्षी व्हारांनी ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांच्या हाती दिलं. ‘समॅरिटन्स’ची ही सुरुवात मला फार मोलाची वाटते. आपल्या नाशिक जिल्ह्यातही ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना असं ऐकायला शिकवलं. पदवी लागत नाही, सवड लागते.

पण नुसतं ऐकून भागत नाही. उत्तर ‘हो’ आलं, तर पुढचंही विचारायचं: काही ठरवलंयस का, हाताशी काही आहे का. मावसभावाला मी हे विचारलं ते त्याच्या ओट्यावर, कापसाच्या दिवसांत. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, ‘गोठ्यात फवारणीचं औषध आहे.’ आम्ही दोघांनी मिळून ते डबे खताच्या रिकाम्या गोणीत भरले आणि शेजारच्या दादांच्या कोठीत कुलपात ठेवले. दादांनी एका शब्दाने कारण विचारलं नाही. ‘फवारणीला लागलं की सांग, मीच येतो,’ एवढंच म्हणाले.

ही उठाठेव वरवरची वाटते, पण तिच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. जीव द्यायची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताला लागली नाही, तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, ते बऱ्याच अंशी यामुळेच.

त्या रात्री त्याला एकटं ठेवलं नाही. 14416 हा ‘टेली मानस’चा सरकारी क्रमांक, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन त्यानेच लावला, मी नुसती जवळ बसले. सकाळी जिल्हा रुग्णालयात गेलो, केसपेपर काढला, मानसोपचार विभागाच्या रांगेत उभे राहिलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि निक्षून सांगितलं, परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. पुढची तारीख मी माझ्याही फोनमध्ये टाकली. पहिल्या दिवशी सगळेच धावतात. महिन्याभराने, घरचे ‘आता ठीक आहे’ म्हणू लागतात तेव्हा, त्याच्यासोबत पुन्हा त्या रांगेत उभं राहणारं कुणीतरी हवं.