मारल्याशिवाय आत नाही

ओसरीच्या शहाबादी फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची, चारही कडांच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुली मारायची, की चल्लस आठचा पट तयार. सोंगट्या म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे नाहीतर खडे. कवड्या नसतील तर मधोमध फोडलेले चार चिंचोके. तिला हा खेळ आजीने शिकवला, आणि आकडे मोजायलाही ती याच घरांवर शिकली.

जितक्या कवड्या उताण्या, तितकी घरं पुढे. चारही उताण्या म्हणजे चल्लस, चारही उपड्या म्हणजे आठ. दोन्हींवर पुन्हा दान मिळतं. कवडी दोन्ही बाजूंना सारखीच पडते असं धरलं, तर ही दोन दानं १६ फेकींत सरासरी एकेकदाच येतात. दोन मात्र ६ वेळा. आजी शाळेत गेली नव्हती, पण दुसऱ्याच्या सोंगटीपुढे बरोबर दोन घरांवर ती आपली सोंगटी उघडी ठेवत नसे. फुलीवर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कोणी मारू शकत नाही.

बाहेरची १६ घरं एका दिशेने, आतली ८ उलट्या दिशेने, मग मधली फुली. आत शिरायला अट एकच: आधी कोणाची तरी सोंगटी मारलेली हवी. तोवर बाहेरच घिरट्या. तिच्या मते सगळा खेळ या अटीत आहे. पचिसीवर बेतलेल्या ल्युडोचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतलं गेलं. त्यात नेहमीच्या नियमांनी कोणाच्याही वाटेला न जाता जिंकता येतं. इथे अंग चोरून चालत नाही.

लग्नानंतर मुंबईच्या दोन खोल्यांत पट पाटाच्या मागच्या बाजूवर आला. दिवे गेले की मुलं तो ओढत आणत. शेजारच्या कानडी बाई याला चौकाबारा म्हणत आणि बेधडक खेळत.

आता समोर नात असते. आठ पडल्यावर मुलं सहसा पुढची सोंगटी पळवतात. नात मागची काढते, समोरच्या सोंगटीच्या दोन घरं मागे आणून ठेवते आणि थांबते. आजच्या डावात तिच्या दोन सोंगट्या आत पोचल्या आहेत, आजीची एकही नाही.