काखेत कळसा

माणसाला दोन खांदे कशासाठी दिलेत, याचा विचार मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत केला नव्हता. एक पिशवीसाठी आणि दुसरा, पहिला दुखू लागला की बदलायला, असा माझा साधारण समज. पण २०१७ च्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या काखेत एक रिव्हॉल्व्हर राहायला आलं आणि खांदे, बरगड्या, काख, सगळ्यांची नव्याने ओळख झाली.

गैरसमज नको. मी मूळचा भित्रा माणूस. भोसरी एमआयडीसीत चार लेथ आणि एक मिलिंग मशीन एवढंच माझं साम्राज्य. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना जे माल पुरवतात, त्यांना जे माल पुरवतात, त्यांना मी बुश आणि पिना करून देतो. म्हणजे मोटारीच्या घराण्यात माझं नातं चुलत-चुलत भाच्याचं. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी पोरांना उचल द्यायची आणि त्यासाठी दुपारी बँकेतून रोकड आणायची, हा जुना रिवाज. अशाच एका बुधवारी टेल्को रोडवर दोघं जण मोटरसायकलवरून माझ्या मागे लागले. मी वेग वाढवला, त्यांनीही वाढवला. माझ्या चेतकने जन्मात कधी दाखवला नसेल असा पराक्रम दाखवला, तरी त्यांनी गाठलंच. एक जण ओरडला, "काका, डिकी उघडी आहे!" आणि दोघं निघून गेले. पैसे डिकीतच होते.

यावर हसता आलं असतं. पण तीनच आठवड्यांनी शेजारच्या गाळ्यातल्या मालकांच्या डोक्यात कोयत्याचा दांडा बसला आणि बॅग गेली. त्यांच्या मागे लागलेल्यांनी डिकीबद्दल काही सांगितलं नव्हतं. सात टाके पडले. मी अर्ज केला.

परवान्याला दीड वर्ष लागलं. चौकशीला आलेल्या हवालदारांनी शेजारच्या जोशीकाकूंना विचारलं, "स्वभाव कसा आहे? तापट?" काकू म्हणाल्या, "छे हो! गॅसचं सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा अहोजाहो करतात. याला बंदूक कशाला देता? कुणीतरी काढून घेईल." हे त्यांनी कागदावर लिहिलं की नाही, देव जाणे. शेवटी परवाना आला आणि पाठोपाठ कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्यांचं, वजन पाऊण किलोच्या आतबाहेर. पाऊण किलो म्हणजे काय, तर बाजारातून घरी येईपर्यंत काहीच नाही आणि बुधवारची अख्खी दुपार काखेत ठेवलं तर एक बिऱ्हाड.

ते ठेवायचं कुठे, हा खरा प्रश्न. २०१६ च्या नियमांत स्पष्ट आहे, की सार्वजनिक जागी असलं हत्यार अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये नाहीतर तशाच पिशवीत न्यायचं आणि ते पूर्ण झाकलेलं हवं. आमच्याकडे जमिनी विकून रातोरात मोठे झालेले काही जण ते लग्नात पाहुण्यांना दिसावं अशा बेताने लावतात. म्हणजे ज्या हौशीसाठी घेतलं तीच नेमकी नियमाबाहेर. मला हौस नव्हती, पण कंबरही नव्हती. कमरेला होल्स्टर लावून स्कूटरवर बसलो की मूठ पोटात आणि पोट हँडलवर. म्हणून खांद्याचं ठरलं.

खांद्याच्या होल्स्टरबद्दल माझं सगळं ज्ञान जेम्स बाँडकडून आलेलं. त्याचीही गंमत आहे. १९५६ साली जेफ्री बूथरॉइड नावाच्या ग्लासगोच्या एका शस्त्रप्रेमी गृहस्थाने इयान फ्लेमिंगला पत्र लिहिलं, की तुमच्या बाँडचं पिस्तूल बायकी आहे, बदला. सोबत चांगलं होल्स्टरही सुचवलं. फ्लेमिंगने 'डॉ. नो'मध्ये दोन्ही सल्ले मानले, पण नवं वॉल्थर पिस्तूल नेमकं अशा होल्स्टरमध्ये घातलं, की ज्यात फक्त रिव्हॉल्व्हरच बसतं! जिथे बाँडच्या जन्मदात्याची ही गत, तिथे भोसरीच्या बुशवाल्याने काय करावं?

मी तयार होल्स्टर आणलं. नायलॉनचे पट्टे, पाठीवर इंग्रजी आठाचा आकडा, डाव्या काखेत रिव्हॉल्व्हर आडवं. मूठ पुढे, नळी मागे. पहिल्याच दिवशी सौ.ने विचारलं, "असे एका बाजूला का कललात? सदऱ्याची बटणं खालीवर लागलीत का?" पट्टा मानेला कापत होता. त्यात झाकायचं म्हणून वर जाकीट. मे महिना, चाळिशीला टेकलेला पारा, गाळ्यावर पत्रे आणि मी जाकिटात! फेब्रुवारीतच महापालिकेची निवडणूक होऊन गेली होती. आमच्याकडे निवडून आलेले जाकीट घालतात आणि पडलेलेही. बँकेतला शिपाई हळहळून म्हणाला, "किती मतांनी गेली हो?"

शेवटी जुन्या भोसरीत कोल्हापुरी चपला करणारे एक मामा आहेत, त्यांच्याकडे गेलो. पायताणातला माणूस काखेत काय करणार, अशी शंका होती. मामांनी रापी खाली ठेवली आणि डॉक्टरसारखं विचारलं, "घाम लई येतो का?"

"येतो."

"मग ह्ये टाकून द्या. क्रोमचं चामडं हाय. घामासंगट लोखंड खाईल."

कोल्हापुरी चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, ते लोखंडाला असं बाधत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हिरडा पोटाला चांगला एवढंच ठाऊक होतं. हत्यार दुसऱ्याकडे ठेवायचं नाही, म्हणून मी शेजारच्या पॅटर्नवाल्याकडून त्याच मापाचा सागवानी नमुना करून नेला. मामांनी चामडं भिजवून त्यावर दाबून बसवलं, तीन दिवस सावलीत वाळवलं, खांद्यावर येणारा पट्टा चांगला तळहाताएवढा रुंद केला, म्हणजे वजन वाटलं जातं. तोल साधायला उजव्या काखेत एक छोटी पिशवी शिवली. तीत मी माझ्याच कारखान्यातले दोन नापास बुश टाकले. रिजेक्ट मालाचा माझ्या कारकिर्दीत झालेला हा एकमेव उपयोग.

घालून पाहिलं तर काय सांगू! जुन्या बनियनसारखं. कुठे टोचणं नाही, कापणं नाही. मामा खूश होऊन म्हणाले, "आता इसरून जाशीला बघा, अंगावर काय हाय त्ये."

आणि मी विसरलो.

पावसाळा सुरू झाला होता. उचल वाटून झाली, गाळ्याला कुलूप लावलं आणि मुलीला निगडीला क्लासला सोडायला निघालो. ती तेव्हा अकरावीत. ती मागे बसली की थोड्याच वेळात माझ्या पाठीवर डोकं टेकवून डुलक्या घेते, ही बालवाडीपासूनची सवय. थरमॅक्स चौकाच्या सिग्नलला ती जागी झाली.

"बाबा, तुझ्या काखेत हे काय टोचतंय? मोबाइल का?"

मूठ पुढे, नळी मागे. टेल्को रोडचे सगळे खड्डे पार करून मी तिला तिथवर आणलं होतं, सहाच्या सहा गोळ्या आत. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. माझ्या हातून क्लच सुटेना.

"हो," मी म्हटलं. "मोबाइल. तू जरा उतर, पलीकडून रिक्षा करू."

"रिक्षा? इथून? बाबा, तुला बरं नाहीये का?"

स्कूटर कडेला लावली. ती रिक्षात बसून गेली आणि मी पदपथावर बसून राहिलो. एका चहावाल्याने न मागता पाणी दिलं. त्यालाही मी पडलेला उमेदवार वाटलो असणार.

तज्ज्ञांना विचारलं तर ते सांगतील, की नळी जमिनीकडे राहील असं उभं होल्स्टर मिळतं. मिळतं. मामांनी तेही शिवून दिलं असतं. मी गेलो नाही. पुढच्याच आठवड्यात सगळ्या पोरांची बँकेत खाती उघडायला लावली. दोघांनी कुरकुर केली, कारण खात्यावरचा पगार बायकोला कळतो. रिव्हॉल्व्हर गोळ्या काढून कपाटात कुलपात गेलं. मुलीला खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. ती आता नोकरीला लागली आहे आणि माझ्या स्कूटरवर बसत नाही, कारण तिच्या मते ती स्कूटर धोकादायक आहे.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी हत्यार जमा करायची नोटीस आली. लोक अशा वेळी कपाळाला आठ्या घालतात. मी सकाळी दहालाच ठाण्याच्या दारात. पावती घेतली आणि दोन्ही खांदे हलवत, चालत घरी आलो. निकाल लागले, सरकार बसलं, पाऊस सुरू झाला. ठाण्यातून हवालदारांचा फोन आला.

"साहेब, तुमचं हत्यार न्यायला कधी येताय? बाकी सगळ्यांनी नेलं."

"येतो, येतो," मी म्हटलं. "जरा घाईत आहे."

होल्स्टर गाळ्यात खिळ्याला टांगलेलं आहे. त्यात मायक्रोमीटर बसतो.