कुर्बानाला गेलो, बोकड दिसलाच नाही

वाशीला रेल्वे आली १९९२ साली. त्याच्या आधी दोनेक वर्षांची ही गोष्ट. तेव्हा मुंबईला जायचे म्हणजे बसने खाडीपूल ओलांडावा लागे. अब्बांना सिडकोच्या इमारतीत घर मिळाले होते आणि आमच्या वरच्या मजल्यावर केरळचे एक ख्रिस्ती कुटुंब राहात होते. घरातली बाई इस्पितळात नर्स, म्हणून आम्ही तिघे भावंडे तिला सिस्टर आंटी म्हणायचो. नाताळात ती आमच्यासाठी वेगळा केक करायची आणि दारातूनच अम्मीला सांगायची, "यात वाइन नाही हं!"

एकदा तिच्या मुलीने सांगितले, "रविवारी आमची कुर्बाना असते." आम्ही चकित झालो. बकरी ईद तर कधीच होऊन गेली होती! त्या रविवारी आम्ही घरी न सांगता तिच्यासोबत गेलो. एका हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या, समोर मेणबत्त्या लावलेल्या होत्या. बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते. ते पाहून जरा घरच्यासारखे वाटले. लोबानासारखा वास आला. मल्याळममध्ये लांबलचक प्रार्थना चालली होती. आम्हाला त्यातले दोनच शब्द ओळखीचे वाटले : ईशो आणि मरियम. बोकड मात्र शेवटपर्यंत दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मकतबमध्ये ही बातमी फुटली. एक मोठा मुलगा म्हणाला, "चर्चमध्ये गेलात? तुमचा ईमान गेला." त्या रात्री आम्ही अंथरुणात हळूहळू पुन्हा पुन्हा कलमा म्हणत राहिलो. धाकटी रडू लागली तेव्हा अब्बांना सगळे कळले.

अब्बा रागावतील असे वाटले होते. त्यांनी आधी एवढेच विचारले, "न सांगता का गेलात?" मग म्हणाले, "तिथे काय ऐकलेत?" आम्ही म्हणालो, "मरियम." त्यांनी वुजू केला, पवित्र कुरआन उघडला आणि सूरह मरियम वाचून अर्थ सांगितला. एका संपूर्ण सूरहला या पुण्यशील मातेचे नाव आहे, हे आम्हाला त्या रात्री समजले. मक्केतल्या छळामुळे मुसलमान हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला, गेले तेव्हा हजरत जाफर (रजि.) यांनी याच सूरहच्या आयती तिथल्या ख्रिस्ती राजाला, नजाशीला ऐकवल्या आणि तो रडला, हेही त्यांनी सांगितले. शेवटी म्हणाले, "ते हजरत ईसांना (अ.) देवाचा पुत्र मानतात, आपण अल्लाहचे प्रेषित मानतो. हा फरक मोठा आहे, तो विसरायचा नाही. पण फरक आहे म्हणून शेजाऱ्याची हेटाळणी करायची नाही."

'कुर्बाना'चे कोडे पुढे मोठेपणी उलगडले. केरळच्या या सीरो-मलबार ख्रिस्ती लोकांची उपासना १९६२ पर्यंत सुरयानी भाषेत होत असे. सुरयानी ही अरबीची बहीण. म्हणून त्यांची 'कुर्बाना' आणि आपली 'कुर्बानी' एकाच धातूतून आल्या आहेत. दोन्हींत जवळ जाण्याचा, सान्निध्याचा अर्थ आहे. त्यांचा 'श्लामा' म्हणजे आपला 'सलाम'.

गेल्या पावसाळ्यात सिस्टर आंटी वारली. आता त्यांचे मोठे चर्च आहे, तिथे अंत्यविधी होता. अब्बांनी ऐंशी ओलांडली आहेत, गुडघे साथ देत नाहीत. तरी टोपी घालून निघाले. आम्ही मागच्या बाकावर बसलो. प्रसाद घ्यायला रांग लागली तेव्हा आम्ही जागेवरच राहिलो. कोणी आग्रह केला नाही, कोणी वळूनही पाहिले नाही.

शवपेटी बाहेर निघाली तेव्हा अब्बा बाकाचा आधार घेऊन उभे राहिले. आमची मुलगी कुजबुजली, "दादा, आपण का उभे राहायचे? ही आपली प्रार्थना नाही ना?"

"प्रार्थना नाहीच," अब्बा म्हणाले. "पण एका यहुद्याचा जनाजा जात होता तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) उभे राहिले होते. लोकांनी सांगितले, तो यहुदी होता. त्यांनी उलट विचारले, तो एक जीव नव्हता का?"

मुलगी उभी राहिली.

घरी आल्यावर अम्मीने मोठ्या पातेल्यात डाळ-भात टाकला. मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण पोहोचवायचे असते, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली आहे. डबा घेऊन वरच्या मजल्यावर मुलगीच गेली. तिला कोणी सांगावे लागले नाही.