फाईलमध्ये बंद, साइटवर चालू

परवा रात्री पावणेदहाला एका वाचकाचा फोन आला. "भाऊ, तुमच्या साइटवर बातम्या नाहीत, कसलं तरी पिवळं पान येतंय. आणि त्यात माझं नाव अन् मोबाईल नंबर दिसतोय."

ताटावरून तसाच उठलो. या माणसाने आपल्या 'खबर कळवा' फॉर्ममधून मला एक गोष्ट कळवली होती. काय, ते इथे लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल होती ते त्याच्याच गावात राहतात, एवढं पुरे.

आपली साइट जँगोवर चालते. जँगो म्हणजे वेबसाइट उभी करायचा तयार सांगाडा. तो एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला, हे मी अभिमानाने सांगत असतो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकात अ‍ॅड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये तो लिहायला घेतला, २००५ मध्ये सगळ्यांसाठी फुकट खुला झाला.

त्यात 'डीबग' नावाची एक सेटिंग असते. ती चालू असली की चूक झाल्यावर कोणत्या फाईलच्या कोणत्या ओळीवर गाडी अडली, त्या क्षणी कोडच्या हातात कोणती माहिती होती, हे सगळं जँगो पिवळ्या पानावर मांडतो. साइट बनवणाऱ्याला हे वरदान. पण लोकांसाठी खुल्या साइटवर ती कधीच चालू ठेवू नका, असं जँगोवालेच बजावतात.

आमच्याकडे अडलं ते क्षुल्लक होतं. एका खबरेत गावाचं नाव रिकामं होतं. मुख्य पानावर गावनिहाय आकडे मोजणारा कोड तिथे आपटला आणि त्याच्या हातातली खबरांची यादी नाव-नंबरांसकट बाहेर आली. पासवर्ड, सिक्रेट की अशा नावांच्या सेटिंगवर जँगो आपणहून फुल्या मारतो. माणसाचा नंबरही लपवायचा असतो, हे त्याला कोण सांगणार?

मी सर्व्हरवरची 'प्रॉडक्शन' सेटिंगची फाईल उघडली. डीबगसमोर 'फॉल्स', म्हणजे बंद, असंच लिहिलेलं! रिस्टार्ट केलं, पिवळं पान तसंच. पुन्हा केलं, तसंच. यात पाऊण तास गेला. शेवटी पुण्याच्या भाच्याला उठवलं. तो प्रोग्रामर आहे. त्याचं पहिलं वाक्य : "मामा, आधी साइट बंद करा. कारण नंतर शोधू."

हे मला सुचलंच नव्हतं. घर पेटलेलं असताना मी वायरिंग तपासत बसलो होतो.

साइट बंद केल्यावर त्याने विचारलं, "तुम्ही वाचताय तीच फाईल जँगो वाचतोय, हे कशावरून?" मी म्हटलं, सुरुवातीच्या फाईलमध्ये 'प्रॉडक्शन'च लिहिलंय. तो म्हणाला, ती ओळ नीट वाचा. तिथला शब्द होता 'सेटडिफॉल्ट'. म्हणजे आधी कुणी काही ठरवलं नसेल तरच हे धरा. जँगोचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो. त्याने मला त्यातलीही एक ओळ उघडायला लावली. सेटिंगच्या फाईलचं नाव जँगो सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंटमधून घेतो, हे तिथे स्पष्ट होतं. तिथे काय आहे ते विचारलं, उत्तर आलं 'लोकल'. होस्टिंग बदललं तेव्हा सर्व्हर सुरू करणाऱ्या फाईलमध्ये चाचणीपुरतं कुणीतरी ते लिहिलं होतं. ते कुणीतरी म्हणजे मीच.

ते बदललं. साइट फक्त माझ्यापुरती उघडून पाहिली तर 'बॅड रिक्वेस्ट ४००'. परवानगीच्या यादीत साइटचा जुनाच पत्ता होता. तो सुधारला तर डिझाइन गायब, कारण रंगरूपाच्या फाइली तोवर डीबगच्या कृपेने मिळत होत्या. दीड वाजला होता. खरं सांगतो, मनात आलं, आजच्या रात्रीपुरतं डीबग चालू करावं, उद्या बघू. मग आठवलं, मागच्या वेळीही 'चाचणीपुरतं'च होतं. साइट सकाळपर्यंत बंद ठेवली.

सकाळी यादीतल्या प्रत्येकाला फोन करून माफी मागितली. बहुतेकांनी समजून घेतलं. ज्याने रात्री फोन केला होता तो म्हणाला, "भाऊ, माझी खबर काढून टाका. मी काही कळवलंच नव्हतं." काढली. ती बातमी आता होणार नाही.

कागदावर बंद आणि प्रत्यक्षात चालू, यावर मी वीस वर्षं बातम्या करतोय. वाळूउपसा, दारूचे गुत्ते, सगळं. या वेळी ती बातमी माझ्याच सर्व्हरवर होती.

आता शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत, जो तो फॉर्म ऑनलाइन भरून घेतो. त्यात आधार असतं, बँक खातं असतं. या साइट ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना हात जोडून विनंती. फाईलमध्ये काय लिहिलंय यावर विसंबू नका. आपल्याच साइटच्या पत्त्यापुढे काहीतरी चुकीचं टाइप करून मोबाईलवर बघा. साधं 'पान सापडलं नाही' आलं तर ठीक. साइट जँगोची असेल आणि पिवळ्या पट्टीखाली पत्त्यांची यादी आली, तर आधी साइट बंद करा, मग बाकीचं.

आपल्या फॉर्ममधला नाव-नंबरचा रकाना मी काढून टाकलाय. ज्याला खाजगीत काही सांगायचंय त्याने सरळ ऑफिसला यावं. चहा मी पाजतो.