तीन इंचांची नळी

सहाच्या सहा पुंगळ्या एका दाबात खाली पडल्या पाहिजेत. माझा शेजारी रिव्हॉल्व्हरची पारख करायचा ती एवढ्यावरूनच.

1985 साली मी पिट्सबर्गजवळच्या एका नदीकाठच्या गावात राहायला आलो. धातुशास्त्र शिकून पोलादाच्या गावी आलो खरा, पण तेव्हा तिथल्या भट्ट्या एकेक करून विझत होत्या. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी पोलीस खात्यातून नुकता निवृत्त झाला होता. आधी गणवेशात आणि नंतर साध्या कपड्यांत तपास करत त्याची उमेदीची वर्षं गेली होती. मी पोलादातला आहे हे कळल्यावर एका शनिवारी तो मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. मोटारीतून उतरल्यावर त्याने सर्वांत आधी रिव्हॉल्व्हरची चक्री बाहेर काढली, सहाही कप्प्यांतून बोट फिरवलं आणि ती रिकामी चक्री माझ्या डोळ्यांसमोर धरली. मी मान हलवेपर्यंत तो काही बोलला नाही.

ते स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 13 होतं. काळसर निळी झाक, गोल मूठ, जाडसर नळी आणि नळीची लांबी बरोबर तीन इंच. ही लांबी नळीच्या तोंडापासून चक्रीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजतात. एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने, ऐंशीच्या दशकात आपल्या एजंटांना हेच तीन इंची मॉडेल दिलं होतं. शेजाऱ्याने मात्र ते स्वतःच्या पैशाने घेतलं होतं. गणवेशात असताना कमरेला चार इंची असायचं. साध्या कपड्यांत ते कोटाखालून डोकावे आणि मोटारीत बसलं की बरगडीत रुते. खात्यातले काही जण दोन इंची वापरत. त्याला ते मानवत नव्हतं. का, हे त्याने मला तोंडाने सांगितलं नाही, करून दाखवलं. मित्राचं एक दोन इंची मागून घेऊन त्यात मॅग्नमची काडतुसं भरली, झाडली आणि चक्री उघडून दांडा दाबला. पुंगळ्या अर्ध्या बाहेर आल्या आणि तिथेच अडकल्या. दोन त्याने नखाने ओढून काढल्या.

.357 मॅग्नमची पुंगळी असते जवळजवळ 33 मिलिमीटर लांबीची. ती बाहेर ढकलणारा दांडा नळीच्या पोटाखाली दडलेला असतो. नळी आखूड झाली की दांडाही आखूड होतो आणि तोकड्या दांड्याला पुंगळी पूर्ण बाहेर लोटता येत नाही. नळी तीन इंचांची झाली की दांड्याला हवी तेवढी जागा मिळते. कुणाच्या हौसेतून नव्हे, तर या साध्या भूमितीतून तीन इंची रिव्हॉल्व्हर सोयीचं ठरलं, आणि माझ्यासारख्या यंत्रं बघत वाढलेल्या माणसाला त्याची ओढ लागली तीही यामुळेच. त्याशिवाय नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर वाढतं, त्यामुळे हाताची थरथर दोन इंचीइतकी नेमात उतरत नाही. वजन पुढे झुकत नाही, मागेही राहत नाही. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला आठवण झाली ती आमच्या कारखान्यातल्या जुन्या फिटरच्या हातोडीची. ती हातोडी कुठे धरायची हे शिकवावं लागत नसे.

लांबीचा हा शोध आधीपासून चालू होता. कोल्टने 1927 मध्ये डिटेक्टिव्ह स्पेशल काढलं तेव्हा दोन इंचांत सहा गोळ्या बसवल्याचं कौतुक झालं. 1935 मध्ये स्मिथ अँड वेसनने रजिस्टर्ड मॅग्नम आणलं. गिऱ्हाईक म्हणेल त्या लांबीची नळी, साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, आणि सोबत नोंदणीचा कागद. त्यातलं पहिलं गेलं एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांच्याकडे. अमेरिकी लष्कराचे जनरल पॅटन यांनी साडेतीन इंची निवडलं आणि त्याला हस्तिदंती मूठ बसवली. पण पॅटन यांच्या मुठीपेक्षा मला जास्त जवळचे वाटतात ते रोज सकाळी कमरेला पट्टा बांधून कामावर जाणारे अनाम पोलीस. तीन इंचांना मान मिळवून दिला तो त्यांनी.

11 एप्रिल 1986 रोजी मायामीत एफबीआयच्या आठ एजंटांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. एकाच्या हाताला गोळी लागली आणि त्याला रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता आलं नाही. दुसऱ्याने, एदमुंदो मिरेलेस यांनी, एक हात निकामी झालेला असताना शेवटी रिव्हॉल्व्हरनेच ती चकमक संपवली. त्या संध्याकाळी शेजारी दूरदर्शनसमोरून उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, की आता रिव्हॉल्व्हर जाणार, आणि जायलाच हवं. ते त्याने मनापासून म्हटलं होतं. ज्या पोरांना रात्री दारं ठोठावावी लागतात त्यांच्या कमरेला सहाच गोळ्या असू नयेत, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं.

तसंच झालं. एफबीआय मॅगझिनवाल्या पिस्तुलांकडे वळली आणि गावोगावची पोलीस खाती तिच्या मागोमाग गेली. नव्वदच्या आसपास बंदुकीच्या दुकानांत खात्यांनी परत केलेल्या रिव्हॉल्व्हरांचे ढीग लागले होते. मुठीवर खात्याचे खुणेचे आकडे, नळीच्या तोंडाशी झाक उडालेली, आत मात्र यंत्र घड्याळासारखं. 1992 मध्ये असंच एक तीन इंची मॉडेल 10 मी घेतलं. आमच्या घरी आठवडाभराच्या वाणसामानाला जे पैसे लागत, त्याहून थोडेच जास्त पडले. दुकानदाराने ते बाकीच्यांतून उचलून दिलं तेव्हा त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

1998 च्या दसऱ्याला मी कराडजवळ मामांकडे गेलो होतो. खंडेनवमीला पाटावर कोयता, खुरपी, विळा, पंपाचे पाने आणि त्यांच्या शेजारी झेंडूची फुलं वाहिलेलं मामांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर मांडलं होतं. सरकारी आयुध कारखान्यात बनलेलं, .32 बोअरचं. बिजागरीवर मोडून उघडणारं, जुन्या वेब्लीच्या घडणीचं. मी नळीकडे बघतच राहिलो. तीन इंच! हजारो कोसांवर माझ्या शेजाऱ्याने जी लांबी वर्षानुवर्षं वापरून पसंत केली होती, तीच इथे हळदीकुंकू लावून बसली होती. मी हात पुढे केला तसं मामांनी ते उचललं, मोडून सहाही कप्पे रिकामे असल्याचं मला दाखवलं, परत मिटवलं आणि पाटावर ठेवलं.

"बघ डोळं भरून. पण हातात न्हाई द्यायचा. परवान्यावर माझं नाव हाय, तुझं न्हाई."

त्या वागण्यातली शिस्त मला आवडली. ऊस घालून पैसे आणायचे त्या दिवशी ते सदऱ्याखाली असायचं. निवडणूक लागली की मामा ते पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेऊन येत आणि पावती देवघरातल्या पोथीत ठेवत. त्यांनी ते कधी कुणावर रोखलं नाही. मामा गेल्यावर मामेभावाने ते रीतसर जमा केलं. आता खंडेनवमीला पाटावर पंपाचे पाने आणि कोयता असतो.

पोलीस सोडून गेले तसं तीन इंची रिव्हॉल्व्हर शौकिनांनी उचलून धरलं. मॉडेल 13 बंद झालं आणि ढिगातल्या त्या जुन्या मालाला भाव चढला. आज चांगल्या अवस्थेतल्या तीन इंची मॉडेल 13 ला एक हजार डॉलरच्या वर भाव येतो. मग कंपन्याही परतल्या. कोल्टने 2019 मध्ये किंग कोब्रा पुन्हा आणलं ते तीन इंचांतच. कोल्टचंच पायथन 2020 मध्ये परत आलं आणि पुढच्या वर्षी त्याचंही तीन इंची रूप निघालं. रुगरचं एसपी 101 आणि जीपी 100, स्मिथ अँड वेसनचं सात गोळ्यांचं 686 प्लस, सगळी या लांबीत मिळतात. कॅनडात मात्र 105 मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीच्या हँडगनवर नव्वदच्या दशकातल्या कायद्यानेच बंदी आली. तिथल्या शौकिनांसाठी कंपन्यांनी मुद्दाम 4.2 इंची नळ्या केल्या. तिथल्या माझ्या एका मित्राने तीन इंची कधी चालवलेलंच नाही.

मैदानावरचे माझ्या वयाचे लोक नव्या मालाला नावं ठेवतात. धातूच्या भुकटीपासून साच्यात घडवलेला घोडा, 2001 पासून स्मिथ अँड वेसनच्या चौकटीवर आलेलं ते कुलपाचं छिद्र. कुलूप मलाही डोळ्यांना खुपायचं, आणि अलीकडे कंपनीने काही मॉडेलं पुन्हा विनाकुलूप काढली याचा आनंद झाला. पण भुकटीच्या धातूला कमी लेखणं मला मान्य नाही. ते नीट केलं तर काम चोख देतं, हे मी प्रयोगशाळेत बघितलं आहे. नवं पायथन जुन्यापेक्षा मजबूत आहे असं माझं मत आहे. हाताने कानस मारून बसवलेल्या जुन्या यंत्राचा चाप ओढताना जी मऊ सरक लागते ती आता क्वचितच सापडते, हेही तितकंच खरं.

माझी रुखरुख वेगळीच आहे. तेव्हाचं तीन इंची दिवसाचे आठ-दहा तास कमरेवर असायचं. घाम, पाऊस आणि मोटारीच्या आसनाची घासणी ते सोसायचं. शौकिनांचं तीन इंची तिजोरीत तेल लावलेल्या कापडात निजतं. महिन्यातून एकदा बाहेर येतं, पन्नास गोळ्या झाडतं आणि पुसून आत जातं. ज्या कामासाठी ही लांबी ठरली, ते काम आता दुसरं हत्यार करतं.

शेजारी जाऊन बारा वर्षं झाली. त्याचं मॉडेल 13 त्याच्या मुलीने रीतसर नोंद करून माझ्या नावावर केलं. मागच्या शनिवारी मैदानावर शेजारच्या टेबलापाशी तिशीचा एक मुलगा नवं कोरं तीन इंची कोल्ट घेऊन उभा होता. मी वळलो तसं त्याने न सांगता चक्री उघडली आणि रिकामी असल्याचं मला दाखवलं. मग मीही माझं उघडून दाखवलं. त्याचं बोट माझ्या नळीच्या तोंडाशी थांबलं. तिथली निळी झाक पार उडून पांढरं पोलाद उघडं पडलं आहे.

हे कशानं झालं, त्याने विचारलं.

"चामड्यानं," मी म्हटलं, आणि त्याला शेजाऱ्याबद्दल सांगत बसलो.